जुन्या ट्रान्सपोर्ट कंपन्या, त्यांच्या गाड्या आणि ड्रायव्हर : आठवणी सांगा (आणि डायरीतलं एक कोडं सोडवा)

उचगावची लेक
नमस्कार मंडळी. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, कोल्हापूर-मुंबई लाइनवर मालट्रक चालवायचे. आधी कोल्हापुरातल्याच एका ट्रान्सपोर्टमध्ये होते. मग एका मालकाच्या दोन गाड्या होत्या, त्यांतल्या एकीवर गेले. जाताना गूळ, साखर, कास्टिंग. येताना मिळेल ते भाडं.

मागच्या महिन्यात माळा आवरताना त्यांच्या खर्चाच्या सात डायऱ्या सापडल्या, १९७६ ते १९८२. प्रत्येक खेपेचं पान वेगळं. डिझेल, ऑइल, जकात, वाराई (माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी), पंक्चर, जेवण, सगळं पैशापैशाने लिहिलेलं. अण्णा चौथीपर्यंतच शिकले होते, पण अक्षर मोत्यासारखं.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, तुमच्या गावातल्या जुन्या ट्रान्सपोर्टच्या आणि ड्रायव्हरांच्या आठवणी असतील तर लिहा. एसटीवर पुष्कळ लिहून येतं, मालगाड्यांवर कुणी लिहीत नाही. दोन, या डायऱ्यांत जवळजवळ प्रत्येक खेपेला "का. ०.१०" अशी एक नोंद आहे, आणि तिच्यासमोर बारीक फुली. पुढच्या डायऱ्यांत तीच "का. ०.१५" होते. हे "का." म्हणजे काय असावं?

द्वारका नाका
का. म्हणजे काटा. भुईकाट्यावर गाडी तोलायचे पैसे. सोपं आहे.

उचगावची लेक
नाही हो, काटा वेगळा लिहिलाय, पूर्ण शब्दात, आणि तो रुपयांत आहे. दहा पैशांत कोण ट्रक तोलून देणार!

जुना किन्नर
ताई, तुम्ही विषय काढलात आणि मला रात्री झोप लागली नाही. मी १९७१ साली चौदाव्या वर्षी गाडीवर किन्नर, म्हणजे क्लीनर, म्हणून चढलो. मिरजेची गाडी, टाटाची बारा-दहा. (नव्या लोकांसाठी : १२१०. म्हणजे १२ टन आणि साधारण १०० अश्वशक्ती. १९५४ ला टाटांनी मर्सिडीज-बेंझच्या डाइमलरबरोबर ट्रक करायला घेतले, तो करार १९६९ ला संपला. पण आमचे उस्ताद, म्हणजे ड्रायव्हर, शेवटपर्यंत गाडीला "मर्सडी"च म्हणायचे.)

किन्नरचं काम म्हणजे गाडी धुणं एवढंच नव्हे. दर थांब्याला खाली उतरून टामीने, म्हणजे लोखंडी दांड्याने, सगळे टायर ठोकायचे. आवाजावरून कळायचं कुठल्या टायरची हवा कमी झालीय ते. आतल्या टायरचा आवाज वेगळा, बाहेरच्याचा वेगळा. चाकाच्या डिस्कला हाताची उलटी बाजू लावून बघायची, तापलं असेल तर ब्रेक चिकटतोय.

आणि घाट! खंबाटकीला तेव्हा बोगदा नव्हता, जाणारं-येणारं सगळं एकाच रस्त्याने. भरलेली गाडी पहिल्या गिअरमध्ये माणसाच्या चालीने चढायची. मी लाकडी ठोकळा घेऊन मागच्या चाकाबरोबर चालत जायचो. गाडी दमली आणि थांबली की क्षणात ठोकळा चाकाखाली. तो चुकला तर गाडी मागे. उस्ताद आरशात माझ्याकडे बघायचे आणि मी चाकाकडे. अख्ख्या घाटात एक शब्द बोलणं नाही.

वीस वर्षं पुरी झाल्याशिवाय हेवीचं लायसन मिळत नसे. सहा वर्षं ठोकळा धरला, मग स्टिअरिंग मिळालं.

डबल क्लच
+१ किन्नरकाका. पॉवर स्टिअरिंग नसलेली नऊ टन भरलेली गाडी खंडाळ्याच्या वळणावर वळवून बघा म्हणावं आताच्या पोरांना. माझ्या आजोबांचे दोन्ही खांदे पन्नाशीत निकामी झाले होते, शर्ट घालायला आजी मदत करायची. ते आधी प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यातल्या फार्गो ट्रकवर होते. गिअर बदलताना क्लच दोनदा दाबायचा, मधे इंजिनाचा वेग कानाने जुळवायचा. नाही जुळला तर कर्रर्र. तो आवाज आला की शेजारच्या गाडीवाले हसायचे, म्हणून आजोबा घाटात रेडिओ लावू देत नसत.

लालपरी
एक मुद्दा. १९४८ साली मुंबई राज्याने एसटी काढली, १ जूनला पहिली गाडी पुणे-नगर धावली. त्यानंतर टप्प्याटप्प्याने खासगी प्रवासी मोटारवाल्यांचे मार्ग गेले. मालवाहतूक मात्र खासगीच राहिली. त्यामुळे ज्यांच्याकडे मोटारी, ड्रायव्हर, गॅरेज आणि गावोगावची ओळख होती असे बरेच जण मालाकडे वळले. आमच्या सातारा जिल्ह्यात तरी दोन-तीन घराणी अशीच आहेत. गंमत म्हणजे मे २०२० मध्ये लॉकडाउनच्या काळात एसटीनेच मालवाहतूक सुरू केली. चक्र उलटं फिरलं.

कुर्डुवाडी जंक्शन
लालपरींनी सांगितलं ते एक कारण. दुसरं कारण रेल्वेचं. आमच्या गावावरून सांगतो. मोठ्या लाइनीवरून आलेला माल कुर्डुवाडीला उतरवायचा, बार्शी लाइट या छोट्या रेल्वेच्या डब्यांत भरायचा, मग तो बार्शी-लातूरला किंवा पंढरपूरमार्गे मिरजेला जाणार. तिकडे पुणे-मिरज मीटरगेज होती, म्हणजे मुंबईचा माल पुण्यालाही बदलायचा. प्रत्येक बदलाला हमाली, तूटफूट आणि चार दिवस. ट्रकवाला म्हणायचा, तुमच्या दारात भरतो, त्याच्या दारात उतरवतो. भाडं जास्त असलं तरी व्यापारी का नाही जाणार? पुणे-मिरज ७१ च्या सुमाराला मोठी झाली, पण तोवर व्यापाऱ्यांना रस्त्याची सवय लागली होती. आमची छोटी गाडी तर त्यानंतरही कितीतरी वर्षं चालली.

मे १९७४ च्या रेल्वे संपात, ८ ते २७ मे, आमच्या स्टेशनवर शुकशुकाट आणि गावाबाहेर ट्रकची रांग. मी दहा वर्षांचा होतो. घरी न सांगता गाड्या मोजत बसायचो.

बिल्टीबुक
मी बत्तीस वर्षं पुण्यात नाना पेठेत बुकिंग क्लार्क होतो. कंपन्यांची नावं घ्यायची तर कोल्हापूरचे घाटगे-पाटील, मुंबईचे पटेल रोडवेज, कलकत्त्याहून वाढलेली टीसीआय (ट्रान्सपोर्ट कॉर्पोरेशन ऑफ इंडिया), पुढे गदग-हुबळीकडून आलेले व्हीआरएलचे संकेश्वर. पण या चार मोठ्या नावांखाली शेकडो लहान ट्रान्सपोर्ट होती. एक गाळा, एक टेबल, एक फोन, भिंतीवर दत्ताचा फोटो. त्यांच्यावर महाराष्ट्राचा व्यापार चालला.

लोकांना वाटतं बिल्टी म्हणजे पावती. बिल्टी म्हणजे मालच. सोलापूरचा चादरवाला नागपूरच्या अनोळखी दुकानदाराला माल पाठवायचा तो कशाच्या भरवशावर? बिल्टी तो आपल्या बँकेत द्यायचा. नागपूरच्या बँकेत पैसे भरल्याशिवाय दुकानदाराला बिल्टी मिळत नसे, आणि बिल्टीशिवाय आम्ही गठ्ठा सोडत नसू. म्हणून बँकांच्या संघटनेची मान्यता असलेल्या ट्रान्सपोर्टला मान होता. सगळ्याच्या मुळाशी १८६५ चा कॅरियर्स अ‍ॅक्ट. तो थेट २००७ च्या कायद्याने गेला, म्हणजे जवळजवळ दीडशे वर्षं.

आणि या सगळ्या कागदांच्या टोकाला एकटा ड्रायव्हर. गाडी सुटली की ती पोचेपर्यंत आमच्याकडे तिची काही खबर नसे. ट्रंककॉल महाग, आणि लावून तास तास बसावं लागे. लाखाचा माल आणि गाडी एका माणसाच्या हाती देऊन आम्ही शटर ओढून घरी जेवायला जायचो. आता जीपीएसवर दर मिनिटाला ठिपका दिसतो, तरी मालकाला झोप नाही.

वाघोली
सगळं गोड गोड चाललंय म्हणून थोडं कडू लिहितो. माझे काका एका ट्रान्सपोर्टवर होते. १९६१ चा मोटार ट्रान्सपोर्ट कामगार कायदा म्हणतो दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस. काका सलग तीस तास गाडी चालवायचे. हजेरीपटावर नाव नाही, फंड नाही. १९८५ मध्ये कशेडी घाटात गाडी उलटली, पाय गेला. मालक दवाखान्यात दोन हजार ठेवून गेला, पुन्हा आला नाही. भरवसा भरवसा म्हणता, पण तो एकाच बाजूने होता.

मोटारमालक
वाघोली, तुमच्या काकांचं वाचून वाईट वाटलं. जे झालं ते चूकच, त्याची बाजू घेणार नाही. पण सगळे मालक तसे नव्हते हेही लिहू द्या. आमच्या दोन गाड्या होत्या. वडील स्वतः ड्रायव्हर होते, कर्ज काढून पहिली गाडी घेतली. १९७५ ला नॅशनल परमिट आलं त्याआधी राज्याबाहेर माल न्यायचा तर परमिटांसाठी आरटीओच्या खेपा. प्रत्येक शहराच्या तोंडाशी जकात नाका. मुलुंडला, दहिसरला रात्र रात्र गाडी उभी. हप्ता मात्र उभा राहत नसे. आमच्याकडे एक ड्रायव्हर सत्तावीस वर्षं होते, त्यांच्या मुलीच्या लग्नात वडिलांनी गाडी गहाण टाकली होती.

ताई, तुमच्या फुलीचं मी सांगू शकतो. खेप झाली की ड्रायव्हर हिशेब द्यायचा. जो खर्च मालकाकडून घ्यायचा नाही, स्वतःच्या खिशातला, त्याच्यासमोर आमच्याकडेही फुली असायची. दिलेल्या उचलीतून खर्च झाला तरी तो हिशेबात धरायचा नाही. म्हणजे "का." अण्णांचा स्वतःचा खर्च होता.

वाघोली
तुमच्या वडिलांना माझा नमस्कार. कायदा मात्र माणसाच्या चांगुलपणावर सोडायची गोष्ट नाही, एवढंच म्हणणं आहे. आता १ ऑक्टोबर २०२५ पासून नव्या ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली. किती वर्षं लागली बघा.

डबल क्लच
केबिनवरून आठवलं. तेव्हा कंपनीतून नुसती चेसिस यायची. इंजिन, चाकं, स्टिअरिंग, बाकी सगळं उघडं. ती कारखान्यापासून बॉडीवाल्यापर्यंत चालवत आणायची. बसायला लाकडी फळी, डोक्याला मफलर, डोळ्याला गॉगल. आजोबांनी जमशेदपूरहून एक चेसिस अशी आणली होती, भर डिसेंबरात. नागपूरला पोचल्यावर हाताची बोटं स्टिअरिंगवरून सुटेनात, धाब्यावाल्याने गरम पाण्याच्या घमेल्यात हात बुडवायला लावले. मग बॉडी बांधायची, हौदा, फाळका, केबिन सगळं सुताराचं काम. पुढच्या पट्टीवर "पब्लिक कॅरियर" लिहून झालं की नारळ.

द्वारका नाका
का. म्हणजे काडेपेटी! स्वतःचा खर्च, दहा पैसे, प्रत्येक खेपेला. बसतंय सगळं.

उचगावची लेक
द्वारकादादा, हे पटण्यासारखं आहे. फक्त अण्णा बिडी-सिगारेट ओढत नसत. पण स्टोव्ह असेल गाडीत.

जुना किन्नर
स्टोव्ह असायचाच. हौद्याखाली पेटी, तिच्यात स्टोव्ह, तांदूळ, कांदे, मिठाची पुरचुंडी. परतीच्या भाड्याचा नंबर लागेपर्यंत दोन-दोन दिवस मुंबईत दाणाबंदर-मांडवीला पडून राहायचं, धाब्याचं रोज कुठून परवडणार? पण काडेपेटी आम्ही किराण्यात धरायचो, वेगळी नाही लिहायचो.

संत्रानगरी
आमच्याकडे काटोल-वरूडची संत्री दिल्लीला जायची. संत्र्याच्या ड्रायव्हरचा रुबाब और होता, कारण माल नाशवंत. चार तास उशीर म्हणजे भाव पडला. व्यापारी ड्रायव्हरला वेळेवर पोचल्याचं बक्षीस वेगळं द्यायचे. तीच तऱ्हा रावेर-सावद्याच्या केळीची. लोखंडाच्या गाडीवाल्याला कुणी विचारत नसे, तो येईल तेव्हा येईल.

मसाला चहा
अवांतर : गाड्यांच्या मागच्या ओळींवर कुणीतरी लिहा ना. २०१५ ला महाराष्ट्रात "हॉर्न ओके प्लीज" लिहायला बंदी आली तेव्हा मला उगीच घरातलं कुणी गेल्यासारखं वाटलं होतं. आमच्या गावच्या एका गाडीवर "आईचा आशीर्वाद" होतं आणि त्याखाली लहान अक्षरात "बापाचं कर्ज".

डबल क्लच
मसाला चहा, हे भारी आहे!

खंबाटकी
शिंगरोबाचं कुणीच कसं लिहिलं नाही? बोरघाटात शिंगरोबाचं देऊळ आहे. या धनगराने इंग्रजांना घाटाची वाट दाखवली अशी कथा. तिथे नाणं टाकल्याशिवाय गाडी पुढे जात नसे. मला वाटलं होतं ताईंचं कोडं तिथेच सुटेल, पण "का." काही जुळत नाही.

बिल्टीबुक
वाशीचा पूल १९७३ ला झाला त्याआधी आमच्या गाड्या पनवेलहून मुंब्रा-ठाण्याला वळसा घालून मुंबईत शिरायच्या, हेही नोंदवून ठेवतो. आणि मार्केट नवी मुंबईत गेल्यावर मस्जिद बंदरच्या गल्ल्यांतली निम्मी ट्रान्सपोर्ट उठली. लोखंड बाजार कळंबोलीला गेला. हमाल-माथाडींचं मात्र सांगायला हवं : १९६९ च्या माथाडी कायद्याने आणि अण्णासाहेब पाटलांच्या लढ्याने त्यांना बोर्ड मिळालं, ठरलेली मजुरी मिळाली. पोतं पाठीवर घेणाऱ्याला जे मिळालं ते ते पोतं चारशे किलोमीटर आणणाऱ्याला मिळालं नाही. वाघोलींचा राग मला समजतो. मी कागद लिहायचो, मला पगार महिन्याला मिळायचा.

माळावरची
मी आजच सगळा धागा एका बैठकीत वाचला. लिहिण्यासारखं माझ्याकडे फार नाही, माझ्या माहेरी किंवा सासरी कुणी गाडीवर नव्हतं. पण मी तीस वर्षं टपाल खात्यात काउंटरवर बसले. ताई, दहा पैशांचं पंधरा पैसे झालं ती नोंद १९७८ च्या आसपासची आहे का बघा. असेल तर "का." म्हणजे कार्ड. पोस्टकार्ड. आधी दहाला होतं, मग पंधराला झालं आणि पुढे बरीच वर्षं पंधरालाच राहिलं. काडेपेटी खेपेला नेमकी एकच लागत नाही. कार्ड एकच लागतं.

जुना किन्नर
अरे देवा. बरोबर. बरोबर आहे बाई. मांडवी पोस्टाबाहेर आमचीच रांग असायची. ज्यांना लिहिता येत नसे ते मला सांगायचे, मी लिहायचो. "गाडी सुखरूप पोचली." सगळ्यांचं पहिलं वाक्य हेच. मी शेकड्याने लिहिली असतील आणि माझ्या लक्षात आलं नाही.

द्वारका नाका
काडेपेटी मागे घेतो. माळावरची ताई, नमस्कार तुम्हाला.

उचगावची लेक
डायरी काढली. ७८ च्या पानांतच बदललंय.

आई इचलकरंजीला भावाकडे असते, तिला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून रविवारी जाऊन आले. तिला विचारलं, अण्णा मुंबईहून कार्ड टाकायचे का? ती म्हणाली, "टाकायचे की. दर खेपंला. कवा कार्ड आधी यायचं, कवा तेच आधी यायचे. आन् मग मागनं आलेलं कार्ड स्वतःच वाचून दाखवायचे, गाडी सुखरूप पोचली म्हणून." तिला वाचता येत नाही. अण्णा घरी नसले की शेजारच्या मास्तरीण बाई वाचून द्यायच्या.

मालकाकडून पैसे का घेतले नाहीत, असंही विचारलं. म्हणाली, "मालकाला काय लिहिलंवतं व्हय त्यात?"

तिच्या ट्रंकेत साड्यांच्या घडीखाली चार कार्डं निघाली. बाकीची पुराच्या पाण्यात गेली. तिन्हींवर नेहमीचंच आहे, पोचलो, उतरलं, नंबर उद्या. चौथं जुलै १९८२ चं, मांडवीचा शिक्का आहे. तसंच उतरवते :

"गाडी सुखरूप पोचली. पाऊस फार आहे. डबल ताडपत्री होती, साखर भिजली नाही. दोन दिवस नंबर नाही. पोरीचा ताप उतरला का ते कळवा म्हणलं असतं, पण कळवणार कुठं, आमचा पत्ता गाडी."

तेव्हा मी तीन वर्षांची होते.

जुना किन्नर
ताई, गाडीचा नंबर आहे का डायरीत? असेल तर लिहा. ८२ च्या पावसात मीही मांडवीला होतो.